सर्व्हरमधली अडलेली जागा

नांदेडला मी कॉम्प्युटरचा कोर्स संपवला तेव्हा त्याचं पुढं काय करायचं हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. वडील रेल्वेत. त्यांच्या दृष्टीनं कॉम्प्युटर म्हणजे रिझर्व्हेशनची खिडकी, तिथं परीक्षा देऊन चिकटता येईल. मी शिकले होते युनिक्स. काळा पडदा, पांढरी अक्षरं, माऊस नाही, चित्रं नाहीत. वर्गातल्या बहुतेकांनी तो विषय पास होण्यापुरता केला. मला मात्र त्याची गोडी लागली, ती शिकवणाऱ्या सरांमुळं. गुरुद्वाऱ्याच्या रस्त्याला एका कापडदुकानाच्या माडीवर ते शिकवायचे. हळू बोलणारा माणूस. सगळ्या मशीनचे अधिकार असलेल्या रूटच्या नावानं आत शिरायचं असलं की आधी शर्टाच्या बाह्या दुमडायचे, जणू विहिरीत उतरायचंय. "इथं कचऱ्याची टोपली नाही," असं ते सांगायचे. "पुसलं ते गेलं. म्हणून आधी बघायचं, मग दुसरीकडं नक्कल ठेवायची, ती नक्कल उघडून बघायची, आणि मगच पुसायचं."

लातूरहून मावशीचा निरोप आला. तिच्या गल्लीच्या टोकाला एक क्लास होता, त्यांना कॉम्प्युटर सांभाळणारं माणूस पाहिजे होतं. राहायला-जेवायला मावशीकडं. वडिलांनी एसटीनं आणून सोडलं आणि जाताना क्लासच्या सरांना हात जोडून म्हणाले, "पोरीला युनिक्स येतंय." युनिक्स म्हणजे काय हे त्यांना माहीत नव्हतं, पण तो शब्द त्यांनी प्रवासभर मनात घोकलेला असावा.

लातुरात तेव्हा जिकडं बघावं तिकडं क्लासच्या पाट्या होत्या. फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी, आणि खाली मार्क मिळवलेल्या पोरांचे फोटो. घराघरांतून खोल्या भाड्यानं दिलेल्या, खिडक्यांत वाळत घातलेले बनियन आणि टॉवेल, मेसचे डबे सायकलींना लटकलेले. नायगाव, मुखेड, उदगीर, निलंगा, कुठून कुठून पोरं यायची. भूकंपाला काही वर्षं होऊन गेली होती, पण मोठी माणसं अजून काळ त्यावरूनच मोजायची. अमक्याचं लग्न भूकंपाच्या आधी, तमक्याची नोकरी भूकंपानंतर.

क्लास नवरा-बायकोचा होता. सर फिजिक्स शिकवायचे, मॅडम बायोलॉजी. सर उंच, आवाजही उंच. मॅडम ठेंगण्या, शिकवताना खडूची बोटं पदराला पुसायच्या आणि दिवस संपेपर्यंत पदराला पांढरी किनार यायची. क्लासची इमारत म्हणजे विटांच्या कमरेएवढ्या भिंती आणि वर पत्रे. त्या गल्लीत सगळ्यांनी स्लॅब टाकले होते, पैसाही सरांकडं होता, पण मॅडमनी स्लॅबला नकार दिला होता. एवढी दुसऱ्यांची लेकरं खाली बसणार, तर वर जड काही नको, इतकंच त्यांचं म्हणणं. उन्हाळ्यात पत्रे असे तापायचे की सर शिकवता शिकवता पोरांना माठाकडं पाठवायचे. मॅडमच्या निर्णयाला मात्र त्यांनी कधी नाव ठेवलं नाही.

मागच्या खोलीत सर्व्हर होता. युनिक्सच्याच जातीची, सीडीवरून फुकट मिळणारी प्रणाली त्याच्यावर घातलेली होती. ती घालणारा माणूस ज्या दुकानातून कॉम्प्युटर घेतले तिथला, बोलावल्यावर आठवड्यानं उगवायचा. म्हणून मला ठेवलं होतं. सर्व्हरला जोडलेले बाकीचे कॉम्प्युटर साधे, विंडोजवाले. पोरांचे मार्क, हजेरी, पेपर सगळं सर्व्हरवर, त्यातल्या दुसऱ्या डिस्कवर जायचं. पहिल्या दिवशी सरांनी सगळं दाखवलं. कोपऱ्यातल्या एका कॉम्प्युटरवर भरतकामाचं कापड झाकलेलं होतं. हा कुणाचा, असं मी विचारलं.

"मॅडमचा. त्या वापरत नाहीत आता," सर म्हणाले आणि कूलरची पाण्याची टाकी दाखवायला लागले.

त्यामागचं कारण मावशीकडून कळलं. दिवाळीत दोघांचं भांडण झालं होतं, आणि तेही कॉम्प्युटरपायी. गल्लीला ते तोंडपाठ होतं. पूर्ण हकिगत पुढं मॅडमनीच सांगितली, दुपारी डबा खाताना, थोडी थोडी करून.

दहावीपर्यंत मराठीत शिकलेली पोरं अकरावीला आली की सायन्स एकदम इंग्रजीत. हुशार पोरंसुद्धा मागच्या बाकावर जाऊन गप्प बसायची. नायगावकडची एक मुलगी महिनाभरात सामान बांधून घरी गेली. मॅडमनी कारण विचारलं तर म्हणाली, बायोलॉजी कळतं, शब्द कळत नाहीत. ती गेली ते मॅडमना लागलं. त्यांनी ठरवलं, प्रत्येक धड्यातला अवघड शब्द घ्यायचा, त्याला मराठी शब्द द्यायचा आणि खाली घरात बोलतो तशा दोन ओळी. ऑस्मॉसिस म्हणजे मनुके पाण्यात टाकले की फुगतात ते. झायलेम म्हणजे झाडाची पाण्याची पाइपलाइन. शेजारी आकृत्या, स्वतः काढलेल्या, नव्या स्कॅनरवरून आत घेतलेल्या. दिवाळीची सगळी सुट्टी त्या टायपिंग करत बसल्या. फराळ विकत आणला, त्याची सासरी चर्चा झाली.

सुट्टी संपली आणि त्यांचं फोल्डर गायब. दिवाळीत लाइट बऱ्याचदा गेली-आली होती, सुट्टीच्या सुरुवातीलाच मशीन एकदा बंद पडून परत चालू झालं होतं, सुट्टी संपताना दुकानातला माणूस येऊन काहीतरी नीट करून गेला होता. सरांचे जुने पेपर जागच्या जागी होते, मार्क होते, हजेरी होती. नव्हतं ते फक्त मॅडमचं.

"सर म्हणाले, तू सेव्हच केलं नसशील," मॅडम सांगत होत्या. "मी म्हणाले, रोज सेव्ह केलं, रोज बंद करून परत उघडून बघितलं. तर म्हणतात, कॉम्प्युटर खोटं बोलत नाही."

त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि तो तसाच हातात ठेवला. मग त्यांनी जे सांगितलं त्याचा कॉम्प्युटरशी काही संबंध नव्हता. त्यांचं माहेर किल्लारीच्या बाजूचं. भूकंपात आई गेली. वडील शेतात झोपायला गेले होते म्हणून राहिले. आईचं शिलाई मशीन होतं, त्याच्यावर तिनं पोरींची लग्नं लावली. मॅडम लातूरहून पोचल्या तेव्हा घर म्हणजे दगडमातीचा ढीग. त्यांनी लोकांना जागा दाखवली, मधल्या भिंतीच्या आतल्या अंगाला, इथं मशीन आहे, इथं खणा. लोक म्हणाले, ताई, इथं काही असणं शक्य न्हाई, तुम्हाला आता नीट आठवत नसंल. माणसं काढायची राहिली होती, त्यामुळं त्यांचंही चूक नव्हतं. पुढं मोठी यंत्रं आली आणि सगळी जागा सपाट झाली.

"मला नीट आठवत होतं," मॅडम म्हणाल्या. मग डबा झाकला आणि बारावीच्या तासाला गेल्या.

शिलाई मशीनचं हे सरांना माहीत होतं का, ते मी मॅडमना विचारलं नाही. एवढं दिसायचं की दोघं एकमेकांशी व्यवस्थित बोलायचे, एकमेकांचा चहा गार होऊ द्यायचे नाहीत, पण कॉम्प्युटरचा विषय निघाला की दोघांपैकी एकजण खोलीतून उठून जायचा. मॅडम पेपर हातानं लिहून झेरॉक्सला द्यायच्या. कोपऱ्यातलं कापड त्या दर शनिवारी धुवायला न्यायच्या आणि परत आणून झाकायच्या.

बारावीच्या परीक्षा जवळ आल्या. सराव परीक्षेचा निकाल द्यायला पालकांना बोलावलं होतं. सकाळपासून पत्र्याखाली माणसं येऊन बसली, धोतरातली, पँटीतली, काही बाया लांबून एसटीनं आलेल्या, पिशवीत लेकरासाठी भाकरी बांधून. मी निकालाचे कागद छापायला घेतले आणि छपाई मध्येच थांबली. पडद्यावर ओळ आली, डिव्हाइसवर जागा शिल्लक नाही. परत आज्ञा दिली, परत तेच.

सर आत आले. मी सांगितलं, ज्या हिश्शावर सगळी प्रणाली बसलीय तो रूटचा हिस्सा भरलाय. छपाईला आधी कागदाची नक्कल तात्पुरती कुठंतरी ठेवावी लागते, तेवढीसुद्धा जागा उरली नाही.

"मग पूस ना काहीतरी," सर म्हणाले. स्टूल ओढून माझ्या शेजारी बसले आणि पडद्यावर बोट ठेवलं. "हे लिब काय आहे? लायब्ररी तर आपल्याकडं न्हाईच. काढून टाक."

मी म्हणाले, "सर, ते काढलं तर मशीन परत उठणार नाही." त्यांनी बोट मागं घेतलं, तव्यावरून घ्यावं तसं. मग खाली दुसरं एक नाव दाखवलं. तेही नको, मी म्हणाले. तिसऱ्या वेळी त्यांनी हात मांडीवर ठेवले. "बरं, तू बघ. पण लवकर कर, लोक बेजार होऊन राहिले."

बाह्या दुमडायला माझ्या अंगात शर्ट नव्हता, पंजाबी ड्रेस होता, म्हणून मी मनगटाची बांगडी वर सरकवली. आधी डीएफ दिलं. ते सांगतं, कुठला हिस्सा किती भरलाय. मग डीयू. ते एकेका फोल्डरचं वजन करतं. सगळ्यात फुगलेला निघाला नोंदींचा फोल्डर. मशीन दिवसभर काय काय केलं ते तिथं लिहीत असतं, आणि मशीन आल्यापासून कुणी ते आवरलं नव्हतं. जुन्या नोंदी मी दाबून लहान केल्या, दुसऱ्या डिस्कवर त्यांची नक्कल ठेवली, नक्कल उघडते का बघितलं, मग इथल्या पुसल्या. एक नोंद चालू होती, तिच्यात प्रोग्राम अजून लिहीत होता. ती पुसली असती तर नाव गेलं असतं पण जागा सुटली नसती, कारण ज्यानं धरलीय तो सोडेपर्यंत मशीन ती जागा परत देत नाही. म्हणून ती पुसली नाही, जागेवर रिकामी केली. एखादा प्रोग्राम मरताना टाकून जातो तसली दोन-तीन अवजड गाठोडी होती, ती कशाची आहेत हे बघून काढली. छपाईच्या रांगेत महिन्यापूर्वीचे अडकलेले कागद होते, ते रांगेच्या आज्ञेनंच रद्द केले.

प्रिंटर घरघरला. सर उठले आणि कागद येतील तसे स्वतः बाहेर नेऊन वाटायला लागले. दुपारपर्यंत पालक पांगले. सरांनी माझ्यासाठी भजी मागवली.

काम झालं होतं, पण हिशेब बसत नव्हता. डीएफच्या मते हिस्सा अजूनही बराच भरलेला होता. डीयूनं एकेका फोल्डरची बेरीज केली तर त्याच्या निम्म्याच्या आसपास. बाकीची जागा कुणी खाल्ली ते दिसत नव्हतं. मी सरांना सांगितलं. ते म्हणाले, चालतंय ना, मग राहू दे. मला राहू देता येईना. संध्याकाळी एसटीडी बूथवर जाऊन नांदेडच्या सरांना फोन लावला.

त्यांनी आधी विचारलं, पुसलेली फाइल कुणी धरून बसलंय का? मी म्हणाले, तपासलं, तसं काही नाही. मग त्यांनी विचारलं,

"दुसरी डिस्क कशावर बसवलीय?"

मी फोल्डरचं नाव सांगितलं.

"ती उतरव आणि त्या फोल्डरात बघ," ते म्हणाले. "सगळ्यांचं काम बंद असेल तेव्हाच. आणि काही सापडलं तर पुसू नको लगेच."

युनिक्समध्ये दुसरी डिस्क जोडायची म्हणजे ती एका रिकाम्या फोल्डरवर बसवायची असते. भिंतीतल्या कोनाड्यापुढं कपाट आणून ठेवावं तसं. कपाट ठेवलं की दिसतं ते कपाटातलं. कोनाड्यात आधी काही ठेवलेलं असलं तर ते जात नाही, नुसतं दिसेनासं होतं, आणि आपली जागा धरून राहतं. मी बूथमधून चालत घरी आले तोवर मला दिवाळी आठवली होती. सुट्टी लागली आणि लाइट गेली, मशीन बंद पडलं. परत चालू झालं तेव्हा दुसरी डिस्क बसलीच नसेल. ती बसवायला दुकानातला माणूस येईपर्यंत जे काही कुणी सेव्ह केलं असेल, ते सगळं कोनाड्यात, आणि सुट्टीत सेव्ह करणारं मॅडमशिवाय कुणी नव्हतं. मावशीनं ताट वाढलं, तर मी भाजी न घेताच भाकरी खाल्ली, असं ती नंतर सांगायची.

रविवारी दुपारी क्लास रिकामा होता. मी किल्ली मागून घेतली, सगळे कॉम्प्युटर बंद आहेत हे बघितलं आणि दुसरी डिस्क उतरवली. फोल्डर रिकामं दिसायला हवं होतं. त्यात मॅडमच्या नावाचं फोल्डर होतं. आत एकेका धड्याच्या फाइली, आणि स्कॅन केलेल्या आकृत्या, एकेक हत्तीएवढी.

मी लगेच काही पुसलं नाही.  ते फोल्डर कोनाड्यातून काढून शेजारी दुसऱ्या नावाखाली ठेवलं, डिस्क परत बसवली, तिच्यावर सगळ्याची नक्कल केली आणि दोन्हीकडची मापं जुळवली. आता राहिलं होतं नक्कल उघडून बघणं. मला मापं जुळलेली दिसत होती, पण मजकूर सगळा आहे की नाही हे लिहिणाऱ्यालाच कळणार. मी क्लासच्या मागं त्यांच्या घरी गेले. सर झोपले होते. मॅडम गहू निवडत बसल्या होत्या.

"मॅडम, थोडं येता का? काही फाइली पुसायच्या आहेत, त्याआधी तुम्ही एकदा बघायला पाहिजेत."

"माझं तिथं काय आहे आता?" त्या म्हणाल्या. तरी ताट बाजूला सारून आल्या.

कोपऱ्यातलं कापड मी काढलं. त्यांनी ते घेऊन घडी घातली आणि मांडीवर ठेवलं. मी पहिला धडा उघडला. मनुके पाण्यात टाकले की फुगतात ते. मॅडमनी चष्मा पुसला आणि वाचायला लागल्या. मी सांगत होते, डिस्क कशी बसवतात, फाइली खाली कशा राहिल्या, पण त्या ऐकत नव्हत्या. एक धडा संपला की म्हणायच्या, पुढचं. एके ठिकाणी हसल्या. बेडकाच्या आकृतीत त्यांनी एक पाय लहान काढला होता. सगळे धडे बघून झाल्यावर म्हणाल्या, "हाव, सगळं आहे." मग बराच वेळ पदर डोळ्यांना लावून बसल्या. मी कूलरमध्ये पाणी घालायला गेले, पाण्याची गरज नसताना.

परत आले तर सर दारात उभे होते, झोपेतून उठून आलेले, बनियनवर. पडद्याकडं बघत होते. मॅडम त्यांच्याकडं वळल्या नाहीत.

"म्हणजे तू सेव्ह केलं होतंस," सर म्हणाले.

"मी तेच सांगत होते."

सरांनी मला विचारलं, नेमकं काय झालं होतं. मी परत सगळं सांगितलं, कोनाडा आणि कपाट. ते मान हलवत ऐकत राहिले, पोरगं फळ्यापुढं उभं राहून ऐकतं तसे. शेवटी मॅडमजवळच्या खुर्चीत बसले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "चूक झाली माझी. तू सांगितल्यावर मी परत बघायला पाहिजे होतं." एवढ्या खालच्या आवाजात त्यांना बोलताना मी पहिल्यांदा ऐकलं.  मांडीवरचं कापड मॅडमनी सरांच्या उघड्या खांद्यावर टाकलं, कारण मी तिथं उभी होते.

मग मी त्यांच्यादेखत शेजारी ठेवलेल्या मूळ फाइली पुसल्या. डीएफ दिलं. हिस्सा निम्म्यावर आला होता, दोन्ही आकडे आता एकमेकांशी बोलत होते. सरांना ते बघायची फार हौस, त्यांनी मला परत परत द्यायला लावलं.

सोमवारी त्यांनी फिजिक्सचा तास सुरू करण्याआधी पोरांना सगळं सांगितलं. मॅडमनी काय लिहिलं होतं, ते हरवलं असं वाटलं तेव्हा आपण त्यांना काय बोललो, आणि आपलं कसं चुकलं. पत्र्याखालून तो आवाज शेजारच्या घरांतही गेला असणार. मॅडम मागच्या खोलीत होत्या. कानावर हात ठेवत मला म्हणाल्या, "ह्या माणसाला हळू बोलता येत न्हाई." आणि उठून धडा दुरुस्त करायला बसल्या, बेडकाचा पाय.

उन्हाळ्यात ते धडे स्पायरल बाइंडिंग करून अकरावीला येणाऱ्या पोरांना दिले. पहिल्या आठवड्यात मॅडम मागच्या बाकांवर जाऊन विचारायच्या, कुठला शब्द अडला, आणि पोरं पान काढून दाखवायची. नंतर त्यांनी विचारणं सोडलं, कारण मागच्या बाकावरची पोरंच हात वर करायला लागली. मीही एक गोष्ट मागून घेतली. मशीन चालू झालं आणि दुसरी डिस्क बसली नाही, तर त्या फोल्डरात कुणालाच काही लिहिता येऊ नये, अशी सोय केली. सरांना ती समजावून सांगितली, तर त्यांनी ती स्वतः शोधल्यासारखी येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवली.

पुढच्या वर्षी मी आणि मॅडम पुस्तकांच्या गल्लीत काही आणायला गेलो होतो. एका टपरीवर मॅडमच्या धड्यांचीच पुस्तिका टांगलेली, वर दुसऱ्याच कुठल्या क्लासचं नाव. मॅडमचा चेहरा लाल झाला. त्यांनी ती हिसकावल्यासारखी ओढून घेतली आणि भराभर पानं उलटली. एका पानावर थांबल्या. टायपिंगच्या गडबडीत एका ठिकाणी मनुक्यांचे त्यांनी मनुखे केले होते, ते तसेच्या तसे छापलेले होते. त्या हसायला लागल्या, इतक्या की टपरीवाला उठून उभा राहिला.

त्यांनी ती पुस्तिका विकत घेतली आणि मला दिली. "ठेव तुझ्याकडं," म्हणाल्या. ती आता नांदेडला माझ्या घरी आहे. माझ्या मुलीनं अकरावीला तीच वापरली, आणि मनुखे कशाला म्हणतात हे मला येऊन विचारलं.